केशवराव भोसले नाट्यगृहाचा जमाखर्च कुठल्या वहीत मांडायचा?

मिरजकरतिकटी

मंडळी, मेहुण्याशी चांगलंच वाजलं, म्हणून हा धागा काढतोय.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी ९ ऑगस्ट, म्हणजे संगीतसूर्य केशवरावांची जयंती. आगीच्या रात्री मी तिथल्या गर्दीत होतो. शेजारी एक आजोबा होते. छप्पर खाली येताना त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि तसेच उभे राहिले. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

शाहू महाराजांनी बांधून घेतलेली ही वास्तू. १९१५ मध्ये 'पॅलेस थिएटर' म्हणून सुरू झाली, १९५७ मध्ये तिला केशवरावांचं नाव मिळालं. आगीत छप्पर, रंगमंच, खुर्च्या गेल्या, दगडी भिंती राहिल्या. ती पुन्हा उभी करायचं ठरलं याचा मला मनापासून आनंद आहे.

मेहुणा म्हणतो, "कोट्यवधी रुपये घालणार आणि भाड्याचे येणार किती? तेवढ्या पैशात गावाबाहेर ऐसपैस पार्किंगसह नवं सभागृह होईल. उरलेल्या भिंतींचं स्मारक करा, संपला विषय." मी तावातावाने उत्तर दिलं, पण ते सगळं भावनेचं होतं. मला पैशातलं उत्तर हवंय. शहराच्या पोटातली जुनी वास्तू कलेसाठी नीट उभी केली, तर गावाच्या हातात खरंच पैसा येतो का? आला तर कुणाच्या?

तांबडापांढरा

भावा, मेहुण्याला एकदा नाटकाच्या मध्यंतरात चहाच्या रांगेत उभा कर. गर्दी बघून तोच गाडा टाकायला जागा मागेल!

तिसरीघंटा

मी एकवीस वर्षं नाटकांच्या दौऱ्यांची व्यवस्था बघितली. आता गुडघ्यांमुळे बंद केलंय. मेहुण्यांना सांगा, की नुसती भाड्याची पावती बघणं म्हणजे रेल्वेची कमाई फलाट-तिकिटावरून मोजणं.

प्रयोगाच्या दिवशी काय होतं ते सांगतो. सकाळी नेपथ्याचा टेम्पो येतो. तो उतरवायला चार-पाच हमाल लागतात, ते गावातलेच. सुतार किंवा लाईटवाला कमी पडला तर गावातला घ्यावा लागतो, त्याला नाईट, म्हणजे त्या प्रयोगाची मजुरी, मिळते. कपड्यांना इस्त्री गावात. वीस-पंचवीस माणसांचं दोन वेळचं जेवण गावात, मुक्काम लॉजवर. तिकीट खिडकीवर बसणारा, डोअरकीपर, जाहिरातीचे बोर्ड रंगवणारा (आता फ्लेक्सवाला) हे सगळे स्थानिक. प्रयोग संपल्यावर रिक्षा. गजरेवाली बाई तर तारखांचा तक्ता आमच्याआधी पाठ करायची.

यातला एक रुपयाही नाट्यगृहाच्या वहीत दिसत नाही. गल्ला आत नसतो, गल्लीत असतो.

जमाखर्च

हिशोब तपासणं हा माझा धंदा आहे, म्हणून मेहुण्यांची बाजू घेतो. राग मानू नका.

तिसरीघंटा म्हणतात तो खर्च खराच आहे, पण तो सगळा नवा नाही. मी नाटक बघून शंभर रुपयांची भेळ खाल्ली नसती, तर कदाचित रंकाळ्यावर जाऊन तेच शंभर खर्च केले असते. गावाच्या दृष्टीने ते एका खिशातून दुसऱ्या खिशात गेले. खरी भर पडते ती बाहेरच्या माणसाने इथे येऊन खर्च केला तर, किंवा बाहेर जाणारा पैसा इथे थांबला तर. हे दोनच आकडे मोजा, बाकीचे गाळा.

दुसरं म्हणजे, पैसा एकदाच खर्च होतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात काय झालं ते आपण पाहिलंय. नाले, रस्ते, दवाखाने यांच्या रांगेत नाट्यगृह कुठे बसतं?

सावित्री_इचल

@जमाखर्च, तुमच्या बाहेरच्या माणसात मी बसते. इचलकरंजीहून आम्ही सात-आठ जणी गाडी ठरवून केशवरावला यायचो. दुपारी निघायचं, आधी अंबाबाईचं दर्शन, मग महाद्वार रोडला खरेदी, मग नाटक आणि जेवून परत. नाटकाचं तिकीट हा त्या दिवसाचा सगळ्यात छोटा खर्च असायचा. साडी मात्र दर वेळी "सहज बघायला" म्हणून घेतली जायची.

आगीनंतर आम्ही गेलोच नाही. देवी आहे, दुकानं आहेत, पण निघायला निमित्त राहिलं नाही. तुमच्या गावाबाहेरच्या सभागृहात आलो असतो, तर गाडीतून उतरून आत आणि आतून गाडीत. महाद्वार रोडला आमचा एक पैसा मिळाला नसता.

मिरजकरतिकटी

सावित्रीताई, मला हेच मांडता येत नव्हतं! नाट्यगृह *कुठे* आहे यावर त्याचा फायदा अवलंबून आहे. नाट्यगृह आहे त्या खासबागेतून अंबाबाईच्या देवळापर्यंत पायी जाता येतं, वाटेत शंभर दुकानं लागतात. माणूस चालला तर खर्च करतो.

चुनाघाणी

जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीची कामं करतो, म्हणून इमारत सुरू व्हायच्या आधीच्या पैशाबद्दल लिहितो. तो कुणी मोजत नाही.

नवी आरसीसी इमारत बांधताना पैशाचा मोठा वाटा सिमेंट, सळई, काच, तयार पॅनेल यांना जातो. ते कारखाने बहुतेक वेळा दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यात. जुन्या दगडी इमारतीचं काम हे हातांचं काम. दगड तिथलाच, तो काढून, नंबर घालून, साफ करून परत बसवायचा. पाथरवट, गवंडी, सुतार, लोहार यांच्या मजुरीचा वाटा खर्चात खूप मोठा असतो आणि ती मजुरी त्याच गावात किराणा, शाळेची फी, औषधं यांवर जाते. @जमाखर्च, तुमची 'पैसा इथे थांबला पाहिजे' ही अट इथे पहिल्याच दिवसापासून लागू होते.

माझ्या एका कामावर साठीतले एक गवंडी होते. चुना घाणीत मळून किती दिवस भिजत ठेवायचा, त्यात गूळ आणि बेलफळाचा गर केव्हा घालायचा, हे त्यांना वासावरून कळायचं. त्यांच्या हाताखाली दोन पोरं दिली. काम दीड वर्ष चाललं. त्यातला एक आज स्वतःची टोळी घेऊन वाड्यांची कामं करतो. गावात अशी एक टोळी तयार झाली, की पुढची दहा जुनी घरं पाडण्याऐवजी दुरुस्त होऊ शकतात. त्या टोळीची किंमत वहीत कुठे लिहायची?

तांबडापांढरा

गूळ कोल्हापूरचाच पाहिजे पण! चुन्यात असला म्हणून काय झालं.

चुनाघाणी

😀 मान्य! आणि तो चांगला चिकट लागतो, म्हणून खरंच कोल्हापूरचाच मागवतो.

गिरगावकर

मुंबईचं उदाहरण देतो. आमच्या रॉयल ऑपेरा हाऊसचं बांधकाम १९११ मध्ये सुरू होतं, तेव्हाच पाचव्या जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालं. पुढे सिनेमा आला, मालकी गोंडलच्या राजघराण्याकडे गेली आणि १९९३ मध्ये ते बंद पडलं. तेवीस वर्षं! माझं अख्खं तरुणपण त्या बंद दारावरून जाण्यात गेलं. आभा नारायण लांबा यांनी जीर्णोद्धाराचं काम केलं आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पुन्हा उघडलं. पुढच्या वर्षी त्याला युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत सन्मानही मिळाला.

मधल्या काळात इथल्या हिरे बाजाराचा मोठा भाग बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) गेला. दुपारी माणसांनी फुललेला भाग संध्याकाळी सातला ओस पडायला लागला. आता कार्यक्रमाच्या रात्री नाक्यावर जाग असते, टॅक्सीवाले थांबतात, आसपास खायला गर्दी होते. हे मी बाल्कनीतून पाहतो.

पण एक खंत आहे. सुमारे पावणेसहाशे जागा आणि देखभालीचा खर्च मोठा, म्हणून तिकीट महाग. आमच्या चाळीतली किती माणसं आत गेली असतील? फार थोडी. वास्तू वाचली याचा आनंद आहेच, पण शेजाऱ्यांना आत जाता आलं पाहिजे.

अनघा_ग्रीनरूम

@गिरगावकर, अगदी. कोल्हापुरात तर हा प्रश्न जास्त टोचणारा. केशवराव हे हौशी संस्थांचं घर आहे. राज्य नाट्य स्पर्धा, शाळांची स्नेहसंमेलनं, गाण्याचे क्लास, भरतनाट्यमचं अरंगेत्रम. मी दहावीत असताना पहिल्यांदा त्या रंगमंचावर उभी राहिले. विंगेत लाकडाचा आणि स्पिरिट गमचा (दाढी-मिशा चिकटवायच्या डिंकाचा) मिळून एक वास यायचा. त्या वासासाठी मी पुढे पंधरा वर्षं नाटक केलं.

नवीन झाल्यावर भाडं वाढलं आणि फक्त व्यावसायिक नाटकं आणि कंपन्यांचे कार्यक्रम परवडायला लागले, तर कमाई दिसेल, पण नट, लेखक, लाईटवाले घडायची जागा जाईल. आज मालिकांत, सिनेमात काम करणारी आमच्या भागातली कितीतरी पोरं अशाच हौशी रंगमंचांवरून गेली आहेत. त्यांचे पगार हा सुद्धा आर्थिक फायदाच आहे ना?

आणि एक अगदी साधी मागणी. स्वच्छतागृहं. बायकांसाठी पुरेशी, स्वच्छ, पाणी असलेली. मी महाराष्ट्रभर प्रयोग केलेत. कितीतरी नाट्यगृहांत आम्ही दुपारपासून पाणी प्यायचं टाळायचो. प्रेक्षक बायकांचंही तेच. ज्या घरातली बाई नाट्यगृहाला नाही म्हणते, त्या घरातली चार तिकिटं जातात.

सावित्री_इचल

अनघा, शंभर टक्के. आमच्यातल्या दोघी याच कारणाने यायच्या बंद झाल्या होत्या.

तिसरीघंटा

आमच्या नटमंडळींचा पहिला प्रश्नही तोच असायचा. "तिकडे बाथरूम कसं आहे हो?" मग तारीख ठरायची.

बांदोडकर_वाडा

गोव्याहून. पणजीतलं जुनं मेडिकल कॉलेज बघितलंय ना? १८४२ पासूनची परंपरा सांगणाऱ्या वैद्यकीय शाळेची ती मांडवीकाठची इमारत. कॉलेज बांबोळीला गेलं आणि ही रिकामी झाली. २००४ मध्ये इफ्फी हा चित्रपट महोत्सव गोव्यात आला, तेव्हा ती दुरुस्त करून महोत्सवासाठी वापरात आली. २०१६ पासून डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सवही तिथे भरायला लागला. त्या दिवसांत पणजीत खोली मिळत नाही. माझा मावसभाऊ दोन खोल्या भाड्याने देतो. त्याचं वर्षाचं घरदुरुस्तीचं काम त्यातून निघतं.

पण मला खटकतं ते सांगतो. ते दिवस संपले की आवारात शुकशुकाट. महोत्सवाच्या जोरावर हॉटेलवाला जगतो, चहावाला जगत नाही. त्याला रोजचं गिऱ्हाईक लागतं. रोज काहीतरी चालू हवं, छोटं का होईना. तालीम, वाचनकट्टा, मुलांचं शिबिर.

दुसरं, पणजीतली फोंताइन्याश ही जुनी वस्ती. जुनी घरं सुंदर राखली, त्यामुळे पर्यटक आले. आता लोकांच्या दारात फोटोंसाठी एवढी गर्दी की राहणारे वैतागले आहेत. फायदा एकाला, त्रास दुसऱ्याला, असं व्हायला नको.

जमाखर्च

'महोत्सवाने हॉटेलवाला जगतो, चहावाला जगत नाही' हे मला फार महत्त्वाचं वाटतं. म्हणजे पहिला आकडा हवा तो वर्षातल्या चालू दिवसांचा.

इतका वेळ विरोध केला, आता मीच गणित मांडतो. हे आकडे गृहीत धरलेले आहेत, खरे मिळाले की बदला. समजा एका प्रयोगाला ६०० प्रेक्षक आणि माणशी तिकिटाबाहेरचा खर्च ६० रुपये. झाले ३६,००० रुपये. असे १५० दिवस धरले तर ५४ लाख. यातला निम्मा खर्च एरवीही गावात झाला असता असं समजून काढून टाकला, तरी २७ लाख उरतात. त्यात दौऱ्यावरच्या मंडळींचा मुक्काम, जेवण, हमाली मिळवा. आणि दिवस १५० ऐवजी २५० झाले तर तेच २७ चे ४५ लाख होतात. इमारतीवर एक रुपया जास्त न घालता!

बांधकामाच्या खर्चापुढे ही रक्कम लहान दिसते. पण वास्तू शंभर वर्षं चालून दाखवलेली आहे, हेही धरलं पाहिजे.

मिरजकरतिकटी

जमाखर्चसाहेब, हे गणित वहीत उतरवून घेतलं. मेहुण्याला दाखवतोच.

लेकएरी

मूळ जयसिंगपूरची, गेली अकरा वर्षं अमेरिकेत क्लीव्हलँडला. इथली गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

इथे युक्लिड अव्हेन्यूवर १९२१-२२ च्या सुमारास एकामागोमाग एक भव्य नाट्यगृहं उभी राहिली. पुढे लोक उपनगरांत गेले, घरात टीव्ही आला आणि १९६८-६९ पर्यंत त्यातली बहुतेक बंद पडली. १९७२ मध्ये दोन पाडून तिथे वाहनतळ करायची वेळ आली होती. रे शेपर्डसन नावाचा एक शाळाखात्यातला माणूस आणि शहरातले काही लोक आडवे उभे राहिले. पैसे नव्हते, सभागृहं मोडकळीला आलेली. मग त्यांनी एका नाट्यगृहाच्या नुसत्या *लॉबीत* एक संगीत कार्यक्रम लावला. तीन आठवड्यांसाठी लावलेला तो कार्यक्रम दोन वर्षांहून जास्त चालला! या बकाल भागात संध्याकाळी माणसं येतात, हे बँकांना आणि सरकारला तेव्हा दिसलं. १९८२, १९८४, १९८८ अशी एकेक वास्तू उघडत गेली.

मला सगळ्यात पटलेली गोष्ट पुढची. नाट्यगृहं चालवणाऱ्या ना-नफा संस्थेने आसपासच्या इमारतीही हातात घेतल्या, कार्यालयं आणि हॉटेलसुद्धा. नाटकामुळे परिसराचे भाव वाढले, तेव्हा त्या वाढीतला वाटा भाड्याच्या रूपाने परत नाट्यगृहांकडे आला. तिसरीघंटाकाका म्हणतात ना, गल्ला गल्लीत असतो? इथे त्यांनी गल्लीतला थोडा गल्ला परत आत आणायची सोय केली.

आमच्या मराठी मंडळातले कितीतरी जण तिथे ठरवून जातात. मला मात्र दर वेळी आत शिरताना केशवराव आठवतं. बाबांच्या खांद्यावर झोपून पाहिलेलं पहिलं संगीत नाटक तिथलंच.

चुनाघाणी

@लेकएरी, हे आपल्याकडेही अगदीच अशक्य नाही. जिथे नाट्यगृहाच्या आसपास महापालिकेचे गाळे किंवा पार्किंग असेल, तिथलं भाडं वेगळ्या खात्यात ठेवून फक्त त्या वास्तूच्या देखभालीला वापरायचं, असा ठराव करता येईल. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय बघा. मालकी महापालिकेची, पण जीर्णोद्धार महापालिका, जमनालाल बजाज फाउंडेशन आणि इंटॅक (वारसा जपणारी संस्था) यांनी करार करून केला. २००३ मध्ये काम सुरू झालं, २००८ मध्ये संग्रहालय लोकांसाठी उघडलं. मालक एक आणि लक्ष घालणारे तीन, हे जमू शकतं.

कारण जुन्या वास्तू एका मोठ्या संकटाने कमी आणि छोट्या छोट्या हयगयींनी जास्त मरतात. फुटलेलं कौल वेळेत बदललं नाही, पन्हळीत पाला साठला, विजेचा भार वाढत गेला आणि वायरी जुन्याच राहिल्या. उद्घाटनाला पैसा मिळतो, पन्हळ साफ करायला मिळत नाही. माझं तर म्हणणं, बांधकामाच्या निविदेबरोबरच पुढच्या वीस वर्षांच्या देखभालीचा आकडा मंजूर करून घ्यावा.

खासबाग_लंगोट

पैलवानांचंही ऐका की! नाट्यगृहाला लागूनच आमचं खासबाग मैदान, १९१२ चं. महाराजांनी परदेशात रोमचं मैदान बघून ते बांधलं, असं आमच्या तालमीत वस्ताद सांगायचे. एका बाजूला कुस्ती, दुसऱ्या बाजूला गाणं, दोन्ही एकाच राजाने शेजारी शेजारी ठेवलं. आमचे वस्ताद मैदान संपलं की अंग पुसून थेट नाटकाला बसायचे.

माझा मुद्दा एवढाच. दोन्हीकडचे कार्यक्रम मिळून तारखा लावा. शनिवारी कुस्ती, रविवारी नाटक. मग बाहेरगावचा माणूस राहील की हो!

तिसरीघंटा

लंगोटराव, लाखातलं बोललात. अंबाबाईला येणारा भाविक सकाळी दर्शन घेतो, दुपारी जोतिबा-पन्हाळा करतो आणि रात्री गाडीत बसतो. त्याने *एक रात्र* इथे काढावी यासाठी संध्याकाळचं काहीतरी हवं. रात्रीची एक खोली म्हणजे रात्रीचं जेवण, सकाळची मिसळ, दुपारी निघताना चपलांचा जोड. जमाखर्चांच्या पहिल्या अटीतला माणूस हाच. रोज सातला तासाभराचा कार्यक्रम ठेवा. पोवाडा, नाट्यसंगीत, मर्दानी खेळ. देवळाजवळ तिकीट मिळू द्या.

अनघा_ग्रीनरूम

आणि त्यात स्थानिक कलाकार घ्या, मानधन द्या. 'व्यासपीठ मिळतंय ना' म्हणून फुकट नको.

जमाखर्च

मी माझं मत थोडं बदलतो. नाले-रस्त्यांच्या रांगेचा प्रश्न अजून तसाच आहे, तो मी सोडणार नाही. पण गावाबाहेरच्या नव्या सभागृहापेक्षा ही जागा गावाला जास्त देते, हे सावित्रीताईंच्या साडीने मला पटवलं. तीन अटी मात्र कायम: दिवस भरलेले हवेत, भाड्याचे दोन दर हवेत (हौशींना वेगळा, कंपन्यांना वेगळा) आणि देखभालीचं खातं वेगळं हवं.

मिरजकरतिकटी

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी मेहुणा जेवायला होता, त्याला धागा वाचून दाखवला. गणितावर त्याने दोन शंका काढल्या, पण गजरेवालीवर गप्प झाला. मग त्याला घेऊन मी खासबागेत चक्कर मारली. एका चहावाल्याशी बोललो. आधी रोज किती दूध घ्यायचा आणि आता किती, ते त्याने बोटांवर मोजून दाखवलं. मी आकडा इथे लिहीत नाही, एका माणसाच्या सांगण्यावर नको. पण मेहुणाच म्हणाला, "असे वीस-पंचवीस जणांना विचारून लिहून काढू. सुरू झाल्यावर परत विचारू. मग तुझ्याकडे खरा हिशोब असेल."

पुढच्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता सुरुवात करतोय. रिक्षा स्टॉप, चहाचे गाडे, लॉज, मंडपवाले, लाईटवाले. कोण येतंय बरोबर?

खासबाग_लंगोट

मी. तालमीतली दोन पोरंही आणतो, लिहून घ्यायला.

सावित्री_इचल

मी इचलकरंजीच्या आमच्या गटातल्या सगळ्यांचा खर्च लिहून पाठवते. साड्यांसकट.

जमाखर्च

प्रश्नांचा तक्ता मी करून देतो. तुम्ही आठवणीवर विसंबू नका, शक्य तिथे वही बघायला मागा.

तिसरीघंटा

गुडघ्यांमुळे फिरणं जमणार नाही, पण माझ्या जुन्या डायऱ्या आहेत. कुठल्या प्रयोगाला किती हमाल, किती नाईटी, कुठल्या लॉजला किती खोल्या, सगळं लिहिलेलं आहे. शनिवारी जाताना घरी या, पिशवी काढून ठेवतो.